टॉवर त्यांचा, काठी आमच्या छपरावर



मंगळवेढ्यातून दक्षिणेला निघा. डांबरी सोडून वस्तीच्या वाटेला लागलात की पत्र्याच्या घरावर एक लोखंडी पाइप उभा दिसेल. पाइपाच्या टोकाला माशाच्या काट्यासारखी अँटेना, तिच्यातून निघालेली काळी केबल, ती खिडकीच्या फटीतून आत, आणि आत फळीवर मोबाइल. तुम्ही म्हणाल, हे तर जुन्या टीव्हीचे खटले. नाही. ही रेंजची काठी आहे. शहरातला माणूस खिशातला फोन काढून बोलतो. आमच्या माणसाला बोलण्यासाठी छपरावर चढावे लागते, खांब रोवावा लागतो, आणि वर तो खांब बेकायदा आहे की काय याची धास्ती बाळगावी लागते.

मागच्या बैठकीला एका तरुणाने पिशवीतून असा एक डबा काढून सगळ्यांपुढे ठेवला. बाजारातून घेतलेला. नाव नाही, परवान्याचा शिक्का नाही, पावती नाही. "रेंज चार काड्या येते," असे विकणाऱ्याने सांगितले होते. आली का? पहिल्या दिवशी आली, मग शेजारच्या वस्तीवरची गेली. त्यावरून बांधाचे भांडण असते तसे भांडण झाले. बैठकीत हसू झाले, पण मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. काठी उभारणाऱ्याला मी दोष देत नाही. फोन आता चैन राहिलेला नाही, तो सातबाराचा जोडीदार झाला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. पिकाचा फोटो रानात उभे राहून काढायचा, आणि नोंद राहिली तर पुढे अनुदानाला, विम्याला, हमीभावाच्या खरेदीला फाटा. पीक विम्यात नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवा, असा दंडक वर्षानुवर्षे होता. गारा पडल्यावर खांबांच्या तारा तुटतात, वीज जाते, टॉवरची बॅटरी संपते, आणि नेमके तेव्हाच आमचे ७२ तास सुरू होतात! २०२५ च्या खरिपापासून राज्याने ती स्थानिक आपत्तीची भरपाईच योजनेतून काढून टाकली, म्हणजे तास मोजायची कटकट मिटली आणि भरपाईही मिटली. कापूसवाल्यांचे तर विचारूच नका. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर आधी नोंदणी. नोंदणीला ओटीपी. ओटीपीला रेंज. ओटीपी येतो तो बांधावरून घरी पोहोचेपर्यंत शिळा झालेला असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचे अ‍ॅप काढले आहे, आसपास वीज पडण्याचा इशारा देणारे. चांगले आहे, घ्या. पण ते चालायलाही रेंज लागते. आणि रेंजसाठी आम्ही जी काठी उभी करतो, तीच वीज घरात आणते. हा प्रकार ज्याला विनोदी वाटतो त्याने आमच्याकडे एक वळीव काढून पाहावा.

आता त्या काठीबद्दल नीट बोलू. बाजारात तीन प्रकार दिसतात आणि लोक तिन्हींना 'अँटेना' म्हणतात.

पहिला प्रकार फुकटचा. फोनभोवती तांब्याची तार गुंडाळायची, किंवा फोन उघडून आतल्या पट्टीला तार डकवायची. फोनच्या आतली अँटेना ठरावीक मापाची असते. तिच्याशेजारी धातू आला की तिचा सूर बिघडतो. एखाद्या ठिकाणी योगायोगाने काडी वाढते, चार ठिकाणी घटते. फोन उघडला की पाणी-धूळ आत जाते, बॅटरीला टोक लागले तर ती पेट घेऊ शकते.

दुसरा प्रकार म्हणजे खरी बाहेरची अँटेना, केबलने फोनला जोडलेली. जुन्या बटणांच्या फोनला पाठीमागे रबरी बुचाखाली एक बारीक भोक असायचे. ते कारखान्यात तपासणीसाठी ठेवलेले होते, रोज घालायच्या-काढायच्या पिनसाठी नव्हे. त्यात पिन घातली की आतली अँटेना आपोआप तुटते आणि फोन पूर्णपणे बाहेरच्या केबलवर विसंबतो. केबल मध्येच तुटलेली असेल, उंदराने कुरतडली असेल, सांधा ओला झाला असेल, तर फोन बोलतो कुणाशी? कुणाशीच नाही. त्याची ताकद केबलमधून उलटी फिरून त्याच्याच अंगावर येते. पाइपलाइनचा व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटार चालू केली तर काय होते ते तुम्हाला सांगायला नको. फोनमध्ये मोटारीच्या जागी एक नखाएवढी चिप असते. ती तापते आणि एक दिवस जाते. मग दुकानदार सांगतो, "सेट खराब आहे, नवीन घ्या." हल्लीच्या स्मार्टफोनला ते भोकही बाहेरून नसते. म्हणून विकणारे फोन ठेवायची एक पट्टी देतात आणि तिच्यातून रेंज 'झिरपते' म्हणतात. झिरपते ती थेंबाथेंबाने.

केबलचेही ऐका. लांब कच्च्या चारीतून पाणी सोडले तर शेवटच्या वाफ्याला किती पोहोचते? मोबाइलच्या लहरींचे केबलमध्ये तसेच होते. साधी बारीक केबल वीस मीटर टाकली तर ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आलेल्या ताकदीचा दहावा हिस्सा हाती लागतो, नव्वद टक्के केबल पिते. वरच्या पट्ट्यांत, म्हणजे १८०० आणि २३०० ला, आणखी जास्त पिते. टीव्हीची जुनी केबल जोडली तर तिचे माप ७५ ओहमचे आणि मोबाइलच्या सामानाचे ५० चे. अडीच इंचीला दोन इंची जोडल्यासारखे ते बसते. म्हणजे हजार-दोन हजार खर्चून वर उंचीने जे कमावले ते खाली येईपर्यंत गेले. आणि जुन्या टूजी फोनबाबत तर आणखी एक गोष्ट आहे: टॉवर ३५ किलोमीटरच्या पलीकडे असेल तर कितीही उंच काठी लावा, त्या पद्धतीच्या हिशेबातच तो फोन बसत नाही.

तिसरा प्रकार, बैठकीतला तो डबा. याला बूस्टर किंवा रिपीटर म्हणतात. बाहेर एक अँटेना, आत एक, मध्ये विजेवर चालणारा वर्धक. सगळ्यात जास्त खपतो तो हाच आणि सगळ्यात जास्त घातक तोच. फोन आणि टॉवर यांच्यात एक करार असतो. टॉवर सांगतो, "हळू बोल, ऐकू येतंय," आणि फोन आवाज कमी करतो. म्हणून एका टॉवरवर एका वेळी पुष्कळ लोक बोलू शकतात. हा निनावी डबा तो करार मोडतो. आठवडी बाजारात सगळे आपापल्या आवाजात भाव करत असताना एकाने कर्णा लावून ओरडायला सुरुवात केली, तर काट्यावरच्या माणसाला दुसऱ्या कुणाचेच ऐकू येणार नाही. आणि आतली-बाहेरची अँटेना जवळ असली की डबा स्वतःचाच आवाज परत ऐकून किंचाळू लागतो. भजनाच्या माइकपुढे स्पीकर ठेवला की जशी शिट्टी बसते, तशी. ती शिट्टी आपल्याला ऐकू येत नाही, टॉवरला येते. त्या टॉवरची ऐकण्याची हद्द आक्रसते आणि कडेच्या वस्त्या तुटतात. म्हणजे शेजाऱ्याची रेंज गेली ती योगायोगाने गेली नाही. बांध कोरून घेतलेल्या दोन फुटांइतकीच ती त्याच्याकडून घेतलेली आहे.

कायदा काय म्हणतो? १८८५ चा तार कायदा इंग्रजांचा, १९३३ चा बिनतारी यंत्रांचा कायदा इंग्रजांचा, आणि २०२३ चा दूरसंचार कायदा आपल्या संसदेचा. तिघांचा रोख एकच: परवान्याशिवाय लहरी फेकणारे यंत्र बाळगू नका. दूरसंचार खात्याने २०२२ मध्ये जाहीर सूचनाच काढली की परवानाधारक कंपनीखेरीज इतर कुणी बूस्टर बाळगणे, विकणे किंवा वापरणे बेकायदा आहे. पथक आले की डबा जप्त, वर दंड किंवा शिक्षा. आता मला सांगा, ऑनलाइन दुकानांतून आणि शहरातल्या पेठांतून हे डबे उघड्यावर विकले जातात तेव्हा पथक कुठे असते? विकणाऱ्याच्या दारात जायला त्यांना वाट सापडत नाही. वस्तीवरची काठी मात्र लांबूनच दिसते.

पण दंड परवडला, असे म्हणायची वेळ आणणारी गोष्ट पुढे आहे.

आपल्या तालुक्याचा पाऊस कसा येतो ते आपल्याला ठाऊक आहे. जून-जुलैत ढग वरून निघून जातात. खरा पाऊस परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. त्यावरच शाळू पेरायचा. ज्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती मंगळवेढ्याची ज्वारी याच ओलीवर येते. आणि हा पाऊस कडकडाट घेऊन येतो. उन्हाळ्यातला वळीवही तसाच. काळ्या रानाचा सपाट माळ, झाड लांब, आणि त्यात सगळ्यात उंच उभा काय, तर आपला लोखंडी पाइप. देशात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांवर माणसे मरतात. त्यात बहुतेक रानात असलेली, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी.

इथे एक गैरसमज खोडतो, कारण तो अर्धवट शिकलेल्यांनी फार पसरवला आहे. "मोबाइल वीज ओढतो" असे म्हणतात. हातातला सुटा मोबाइल वीज ओढत नाही. त्याच्या लहरी विजेला बोलावत नाहीत. वीज उंची बघते, उभा धातू बघते, ओलसर वाट बघते. पण त्याच मोबाइलला तुम्ही छपरावरच्या पाइपाशी केबलने जोडले की तो सुटा राहत नाही. पाइपावर पडलेली वीज केबलने सरळ फळीवर, तिथून कानाला लावलेल्या फोनमध्ये. शिवाय वीज पाइपावरच पडायला हवी असे नाही. शे-दोनशे मीटरवर पडली तरी त्या लांब केबलमध्ये झटका उठतो, फोन, चार्जर, टीव्ही जाळायला पुरेसा. जुन्या लोकांना आठवत असेल, आभाळ गडगडले की आजी आधी टीव्हीची वायर काढायला सांगायची. टीव्हीपासून आपण दहा फुटांवर बसायचो. हा डबा आपण कानाला लावतो.

"अर्थिंग केले आहे," असे काही जण सांगतात. काय केले आहे ते बघितले तर बारीक वायर पाइपाला गुंडाळून जमिनीत वीतभर खुपसलेली. ती विजेपुढे सुतळी आहे. खऱ्या अर्थिंगला जाड पट्टी, खोल खड्डा, त्यात प्लेट किंवा रॉड, कोळसा, मीठ आणि ओल लागते. मे महिन्यात आपली काळी जमीन हात जाईल इतकी भेगाळलेली असते. त्या कोरड्या ढेकळांत वीज मुरत नाही, घरात वाट शोधते. आणि पाइपाला अर्थिंग असले तरी केबलला घरात शिरण्याआधी वेगळा झटका-रोधक लागतो. तो मी आजवर एकाही वस्तीवर पाहिलेला नाही.

विजेचा दुसरा धोका ढगातला नाही, खांबावरचा आहे. वस्तीवरून ११ केव्हीची लाइन गेलेली असते. वीस फुटी पाइप उभा करताना दोघे खाली धरतात, एक वर चढतो, वारा येतो, पाइप कलतो. बोअरचे पाइप काढताना असेच जीव जातात हे आपण जाणतो, तरी अँटेनाच्या वेळी विसरतो. लाइनच्या जवळ पाइपाच्या उंचीच्या दीडपट अंतरात खांब रोवूच नका. रोवलेला असेल तर स्वतः काढू नका. लाइनमनला बोलवा, लाइन बंद करून घ्या, मग काढा.

आता ज्यांच्यामुळे ही वेळ आली त्यांच्याकडे वळतो.

३१ जुलै १९९५ रोजी देशात पहिला मोबाइल फोन झाला, कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी केलेला. त्याच्या आदल्या वर्षी, १९९४ च्या दूरसंचार धोरणात, १९९७ पर्यंत प्रत्येक गावात टेलिफोन देऊ असे वचन होते. १९९७ गेले. १९९९ चे नवे धोरण आले, वचन २००२ वर ढकलले. मधल्या काळात गावोगाव रेडिओवर चालणारे सार्वजनिक फोन दिले, छपरावर काठी असलेले! देशात लाखाहून जास्त बसवले. त्यांतले बहुतेक मुकेच राहिले आणि शेवटी बदलावे लागले. काठीचा आणि आमचा संबंध असा जुना आहे.

२००२ पासून 'सार्वत्रिक सेवा दायित्व निधी' सुरू झाला. नाव बोजड, अर्थ सोपा: जिथे धंदा परवडत नाही तिथे फोन पोहोचवण्यासाठी कंपन्यांनी आपल्या महसुलाचे पाच टक्के द्यायचे. कंपनी कुठून देते? तुमच्या रिचार्जमधून. म्हणजे बांधावर रेंज नसलेला माणूस, बांधावर रेंज यावी म्हणून, गेली वीस-बावीस वर्षे पैसे भरतो आहे. या निधीत हजारो कोटी वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिले. नव्या कायद्याने त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' केले. नाव बदलले की हिशेब मागायचा नसतो, असा आपल्याकडे रिवाज आहे. दुष्काळात सरकारी कोठार उघडणारे दामाजीपंत याच मंगळवेढ्याचे. इथल्या माणसाला कोठार भरलेले असताना उपाशी राहण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

जुलै २०२२ मध्ये केंद्राने २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, २४,६८० न झाकलेल्या गावांत फोरजी देण्याची. त्याच सुमारास फाइव्हजीच्या लिलावात सरकारला दीड लाख कोटींची बोली मिळाली. योजना वाईट आहे असे म्हणत नाही. प्रश्न असा आहे की 'झाकलेले गाव' म्हणजे काय? गावठाणात मारुतीच्या पारावर दोन काड्या आल्या की गाव झाकले. आमचा माणूस पारावर राहत नाही. तो गावठाणापासून तीन-चार किलोमीटरवर वस्तीवर राहतो आणि पीक पाहणी त्याच्या गटात करायची असते. हद्दीवरच्या वस्त्यांवर तर फोन कर्नाटकातला टॉवर पकडतो आणि आपल्या टॉवरची वाट बघत बसतो. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, ते मात्र गावठाण आणि वस्ती असा भेद न करता सरसकट वाढवले.

कंपनी म्हणते, गावकरीच टॉवरला विरोध करतात, किरणांना भितात. काही ठिकाणी खरे आहे, आणि तिथे आपल्याच लोकांना दोन शब्द सुनावले पाहिजेत. टॉवरच्या किरणांची मर्यादा आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली आहे. उलट टॉवर जितका लांब, तितका आपला फोन जोरात ओरडतो, तेही कानाशी. टॉवर हाकलून बूस्टर लावणारा माणूस अंगणातले लोटके घरात घेऊन येतो.

वीज पडून माणूस मेला तर सरकार वारसाला चार लाख देते. त्यासाठी पंचनामा, शवविच्छेदन, तहसीलचे हेलपाटे. त्या हेलपाट्यांचा खर्च आणि एका टॉवरचे भाडे यांचा हिशेब कुणी अधिकाऱ्याने एकदा मांडावा.

तोवर काय करायचे? काठी काढा. खरेच काढा. घरात दोन फोन असतील तर एक युक्ती आहे, कायद्यात बसणारी: जिथे रेंज येते अशा उंच जागी, माळवदावर किंवा जिन्याच्या टोकाला, एक फोन हॉटस्पॉट चालू करून ठेवा आणि खाली दुसऱ्या फोनवर वाय-फाय घ्या. मध्ये तार नाही, त्यामुळे विजेला वाट नाही. मात्र आभाळ भरले की वरचा फोन आणायला जाऊ नका, भिजू द्या. पीक पाहणीचे फोटो रानात काढून ठेवता येतात आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवता येतात, शेवटच्या तारखेची वाट बघू नका. चमकल्यानंतर आवाज यायला तीस सेकंदांहून कमी लागले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. झाडाखालून निघा, पक्क्या घरात जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. कुणावर वीज पडलीच तर त्याला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज राहिलेली नसते. श्वास बंद असेल तर छाती दाबत राहा आणि १०८ ला फोन करा. रेंज असली तर.

आणि दुसरे काम बैठकीचे आहे. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी प्रत्येक कंपनीला आपल्या रेंजचा नकाशा संकेतस्थळावर लावणे बंधनकारक केले आहे. त्या नकाशात आपला शिवार रंगवलेला आहे. आपण तो रंग खोटा पाडायचा आहे. प्रत्येकाने आपला गट नंबर, वस्तीचे नाव, कोणत्या कंपनीचे कार्ड, सकाळी आणि संध्याकाळी किती काड्या, फोन लागतो की नाही, हे वहीच्या एका पानावर आठ दिवस लिहायचे. कंपनीकडे तक्रार करून तिचा नंबर त्याच पानावर टिपायचा, उत्तर नाही आले तर अपील करायचे. अपिलाचा अर्ज आम्ही छापून देऊ. ही पाने एकत्र करून ग्रामसभेचा ठराव घ्यायचा, आणि ठराव व पाने घेऊन तहसील कचेरीवर जायचे. काढलेल्या काठ्या आणि डबेही सोबत आणायचे, पावती असेल तर पावतीसह. ते तहसीलदारांच्या दारात रचून ठेवू आणि विचारू की हे विकणाऱ्यावर गुन्हा कधी दाखल करता. पाने पुढच्या महिन्याच्या बैठकीला घेऊन या. पेनाने लिहा, पेन्सिलीने नको.